राजीनामा न देणाऱ्यांचे वर्ष

'राजीनामा' हा शब्द आपण इतक्या सरावाने वापरतो की त्याच्या पोटात काय आहे हे पाहण्याचे कुणास सुचत नाही. फारसीतून आलेल्या या शब्दाचा सरळ अर्थ 'राजी असल्याचा लेख' असा आहे. वादी-प्रतिवादी आपसांत समेट करीत तेव्हा ते राजीनामा लिहून देत. पुढे मुंबई इलाख्याच्या महसुली व्यवहारात जमीन सोडणारा खातेदार राजीनामा देई आणि ती घेणारा कबुलायत लिहून देई. अशा रीतीने संमतीचा शब्द हळूहळू सोडून देण्याचा झाला, आणि आज तर तो उघड नकाराचा झाला आहे. एखाद्याने राजीनामा दिला असे ऐकले की तो नाराज असला पाहिजे, हे आपण गृहीतच धरतो. मग सहजच उलट प्रश्न मनात येतो: जो राजीनामा देत नाही, तो राजी आहे असे समजावे काय?

प्रश्न नुसत्या व्युत्पत्तीचा असता तर तो कोशकारांवर सोपवून मोकळे होता आले असते. परंतु तुम्ही-आम्ही परमुलखात सरकारी चाकरी करणारी माणसे. आपल्या सहीने, निदान आपल्या टिप्पणीने, रोज काही ना काही घडते. आणि जे घडते ते सगळेच आपणांस पटलेले असते असे नाही. मी ज्या आस्थापना विभागात काम करतो तेथे 'पटणे' या क्रियापदास रकाना नाही. तेव्हा हा प्रश्न आपल्या पोटापाण्याशी आणि रात्रीच्या झोपेशी निगडित आहे.

त्याची परीक्षा घेण्यास १९५६ सालाइतके योग्य वर्ष मला दुसरे दिसत नाही. त्या वर्षी देशाचा नकाशा बदलला, हिंदूंचा वारसाहक्क बदलला, आणि नागपुरास लाखो माणसांनी धर्म बदलला. हंगेरीत रशियन रणगाडे शिरले आणि सुएझ कालव्यासाठी युद्ध पेटले तेही त्याच वर्षी. पण त्या मोठ्या जगाकडे आज वळण्याचे कारण नाही. माझा जन्म या वर्षानंतर तीन दशकांहून अधिक काळाने झाला. तरी मी ज्या महादेवपुऱ्यात राहतो तो ज्या राज्यात मोडतो त्याचा आजचा आकार त्याच वर्षाच्या १ नोव्हेंबरला ठरला. आणि दर वर्षी त्या दिवशी येथे लाल-पिवळे ध्वज लागतात तेव्हा बेळगावात मराठी माणसे काळा दिवस पाळतात. त्या काळी महादेवपुरा हे बंगळूरच्या पूर्वेस असलेले एक खेडे होते. शेजारी दूरवाणीनगरात १९४८ साली निघालेला टेलिफोनचा कारखाना एवढीच काय ती नवलाई. आता वर्तुळमार्गावरून जाताना काचेच्या इमारतींतून ते खेडे शोधून काढावे लागते.

आता त्या वर्षाच्या सर्वांत गाजलेल्या राजीनाम्याकडे येऊ.

१६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई शहर केंद्रशासित होणार असल्याचे जाहीर केले. मुंबईत भडका उडाला, गोळीबार झाले. बेळगावातही माणसे मेली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील '१०५ हुतात्मे' हा जो शब्दप्रयोग मराठीत कायमचा रूढ झाला, त्यांतील बहुतेक बळी त्या दिवसांतले. त्या घोषणेनंतर अवघ्या तीन दिवसांनी त्याच आकाशवाणीवरून दुसरा एक आवाज देशाने ऐकला. आयुर्विम्याचा धंदा सरकार आपल्या हाती घेत आहे, असे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख सांगत होते. २४५ विमा कंपन्या आणि संस्था एका वटहुकुमाने सरकारच्या व्यवस्थापनाखाली आल्या. ज्याची माणसे मुंबईच्या रस्त्यावर पडत होती असा हा कुलाब्याचा खासदार त्याच आठवड्यात हे अजस्र काम शांतपणे पार पाडीत होता, हे दृश्य मला नेहमी अस्वस्थ करते.

चिंतामणरावांनी जानेवारीतच राजीनामा देऊ केला होता. पण ते प्रत्यक्षात मंत्रिमंडळातून बाहेर पडले ते जुलैच्या अखेरीस. मधल्या काळात त्यांनी अंदाजपत्रक मांडले आणि विमा महामंडळाचा कायदा मंजूर करून घेतला. जूनमध्ये मुंबईस काँग्रेस महासमितीच्या बैठकीच्या वेळी नेहरूंनी मुंबई पाच वर्षे केंद्राकडे राहील असे सांगितले, तेव्हा बांध फुटला. लोकसभेतील आपल्या निवेदनात देशमुखांनी दोन गोष्टींवर बोट ठेवले: गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, आणि मुंबईबद्दलचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता जाहीर झाला. नेहरूंनी हा आरोप मान्य केला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

मराठी मनाने या राजीनाम्याला डोक्यावर घेतले, आणि ते योग्यच होते. परंतु मला त्या राजीनाम्याहून मागचे सहा महिने अधिक विचारात टाकतात. त्या काळात देशमुख राजी होते काय? त्यांच्या टीकाकारांना तेव्हा तसे वाटले असल्यास नवल नाही. पण देशमुखांचे सगळे आयुष्य आज्ञा अमलात आणण्यात गेले होते. १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेत ते पहिले आले, मध्य प्रांत-वऱ्हाडात परकी सरकारची चाकरी केली, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. अशा माणसास ठाऊक असते की खुर्ची सोडल्याने काम थांबत नाही, ते दुसऱ्याच्या हाती जाते. विम्याचा कायदा अर्धवट टाकून जाणे हेही त्यांना एक प्रकारचे अकर्तव्य वाटले असावे. माझा निवाडा विचाराल तर ते सहा महिने निष्क्रिय संमतीचे नव्हते. वरिष्ठाला 'मला हे मान्य नाही' हे कळविलेले होते. कागद पुढे ठेवलेला होता. ज्याची नाराजी वरिष्ठाला ठाऊक आहे आणि जो तरीही नेमून दिलेले काम चोख करतो, त्याला राजी म्हणता येणार नाही. मुकाट्याने काम करणाऱ्याची गोष्ट निराळी.

आणि राजीनाम्याने साधले काय? मुंबई केंद्राकडे गेली नाही, हे खरे. परंतु ऑगस्टमध्ये संसदेने द्विभाषिक मुंबई राज्य पसंत केले. मराठी माणसाला हवे ते राज्य १ मे १९६० पर्यंत मिळाले नाही, आणि अहमदाबादेत महागुजरातसाठी निराळे रक्त सांडले. चिंतामणराव पुढे विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले. यात खोचक काही नाही. देशाने त्यांची योग्यता ओळखली एवढेच. पण मंत्र्याचा राजीनामा आणि कारकुनाचा राजीनामा यांत एक फरक आहे तो आपणांस पक्का ठाऊक असतो. मंत्र्याचा मागचा काळ राजीनाम्याने उजळतो. कारकुनाचा मागचा काळ राजीनाम्याने नाहीसा होतो. १९७२ च्या निवृत्तिवेतन नियमांनी तर राजीनाम्यासरशी मागील सेवा जप्त होईल असे स्वच्छ शब्दांत लिहून ठेवले होते. वीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला सदसद्विवेकाची किंमत वीस वर्षांत मोजून द्यावी लागत असेल, तर त्याने ती दिली नाही म्हणून त्याला राजी ठरविणे हा क्रूरपणा होय.

मग त्याच्या हाती काय उरते? टिप्पणी. आपल्यापैकी ज्यांनी हिरव्या कागदावर टिप्पण्या लिहिल्या आणि आता संगणकाच्या पडद्यावर लिहितात, त्यांना तिचे बळ माहीत आहे. तोंडी हुकूम लेखी मागता येतो. वर्तणूक नियमांतच तशी सोय आहे. नियमाविरुद्ध काही व्हावयाचे असेल तर 'नियम असा आहे' एवढे एक वाक्य लिहून फाईल वर पाठविता येते. वरून तिच्यावर काहीही शेरा येवो, ते वाक्य तेथे राहते. कुणी म्हणेल, ही भित्र्यांची नीती आहे. मला तसे वाटत नाही.

मात्र ती सर्वत्र पुरी पडते असेही नाही. जानेवारी १९५६ मध्ये मुंबईच्या रस्त्यावर बंदूक घेऊन उभा असलेला शिपाईही आज्ञाधारक सेवकच होता. बहुधा तोही घरी मराठीच बोलत असावा. त्याला टिप्पणी लिहिण्याची सोय नव्हती. कारकून आणि शिपाई यांच्यामध्ये रेषा कोठे ओढावयाची? बराच काळ माझे उत्तर असे होते की जे पुढे दुरुस्त करता येते ते करावे आणि विरोध नोंदवावा. जे दुरुस्त करता येत नाही ते करू नये, मग परिणाम काहीही होवोत. नोंद खोडता येते, गेलेला जीव परत येत नाही. हे उत्तर मला समाधानकारक वाटे. त्याच वर्षाच्या दुसऱ्या दोन घटनांनी ते डळमळीत केले.

पहिली घटना कायद्याची. १७ जून १९५६ रोजी हिंदू उत्तराधिकार कायदा अमलात आला. त्याच्यामागे आणखी एक राजीनामा उभा आहे. हिंदू संहितेचे विधेयक रखडले म्हणून डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्रिपद सोडले होते. तेव्हा तो राजीनामा वाया गेला असेच दिसले. पुढे त्याच संहितेचे तुकडे करून सरकारने ते एकेक संमत करून घेतले. लोकसभेत ते तडीस नेण्याचे काम पूर्व खानदेशच्या हरि विनायक पाटसकरांनी केले. (आंध्र-मद्रास सीमेसाठी खेडे हा घटक धरून निवाडा करणारे ते हेच पाटसकर, सीमाभागातील मराठी माणसाच्या तोंडी त्यांचे नाव अजून असते ते त्या सूत्रामुळे.) एकाने सोडले म्हणून प्रश्न जिवंत राहिला, दुसरा राहिला म्हणून तो सुटला. या दोघांत डावे-उजवे करणे मला अवघड वाटते.

त्या कायद्याच्या चौदाव्या कलमाने एक शांत क्रांती केली. तोवर विधवेकडे आलेली मिळकत तिच्या हयातीपुरती असे. ती तिची असून तिची नसे. त्या कलमाने तिच्या ताब्यातील मिळकतीची ती पूर्ण मालकीण झाली. मुलीलाही बापाच्या वाट्यात वारसा मिळाला. जन्मसिद्ध सहदायाद होण्यासाठी मात्र तिला देशभरात २००५ पर्यंत थांबावे लागले, जरी महाराष्ट्राने आणि कर्नाटकाने १९९४ सालीच आपापल्या राज्यांत ती सुधारणा केली होती. दिल्लीत कायदा झाला, आणि गावात काय झाले? गावात हक्कसोडपत्र झाले. माहेरी सणाला आलेल्या बहिणीपुढे भावाने कागद ठेवला आणि तिने अंगठा उठविला. तिथे तलाठी होता, दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील कारकून होता, शेजारचे साक्षीदार होते. सर्वांनी आपले काम नियमाप्रमाणे केले. कागदावर ती राजी होती. मी म्हणतो की 'राजी' या शब्दाची याहून मोठी विटंबना आपल्या भाषेत क्वचितच झाली असेल. आणि त्या कारकुनाला टिप्पणी लिहिण्यास जागाही नव्हती, कारण नियमभंग कोठेच झालेला नव्हता. माहेर तुटेल या भीतीने दिलेली संमती ही संमती नव्हे, हे लिहिण्याचा रकाना कोणत्या फेरफारवहीत असतो? आज महादेवपुऱ्याच्या आसपास, जेथे नाचणीची शेते होती तेथे, जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. वर्तमानपत्रांतील वकिलांच्या जाहीर नोटिसा वाचल्या की हक्क सोडलेल्या आणि न सोडलेल्या बहिणींची किती प्रकरणे जमिनीखाली पुरलेली होती ते दिसते.

दुसरी घटना नागपूरची. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे सांगितले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीस, त्यांनी भिक्षू चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग स्वतः आपल्या अनुयायांस दिली. देशमुखांनी सहा महिने वाट पाहिली. आंबेडकरांनी एकवीस वर्षे. यापुढे 'घाईने घेतलेला निर्णय' हा आक्षेप टिकत नाही. ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि लाखो माणसे नव्या वाटेवर मार्गदर्शकावाचून उभी राहिली. तरी ती मागे फिरली नाहीत. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या घरात होती. १९६१ साली ती सुमारे २८ लाख झाली. माझ्या मते त्या वर्षातील सर्वांत मोठा राजीनामा हाच. त्यात खुर्ची नव्हती, भत्ता नव्हता, आणि सोडल्यावर अनुदान मंडळही वाट पाहत नव्हते.

उलट, त्याची किंमत त्यांच्याकडून लगेच वसूल झाली, आणि ती वसूल करण्याचे काम आपल्याकडे आले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदूखेरीज अन्यधर्मीयास अनुसूचित जातीचा मानीत नसत. १९५६ साली त्यात शीख धर्म समाविष्ट झाला, बौद्ध धर्म मात्र १९९० पर्यंत झाला नाही. महाराष्ट्राने आपल्या कक्षेतील सवलती नवबौद्धांना दिल्या, तरी केंद्राच्या नोकऱ्यांत चौतीस वर्षे हा दरवाजा बंद राहिला. म्हणजे चौतीस वर्षे कोणत्या तरी केंद्रीय कचेरीत कोणी तरी कारकून अर्ज तपाशीत बसला होता. जात: महार. धर्म: बौद्ध. शेरा: पात्र नाही. कारकुनाने नियम पाळला. पुढे आदेश बदलला, दुरुस्ती झाली. पण १९६५ साली ज्याचा अर्ज परत गेला त्याचे वय १९९० मध्ये कोण परत देणार होते? येथे माझी ती सोईची रेषा पुसली जाते. खोडता येणारी नोंद आणि परत न येणारा जीव, असा भेद मी केला होता. परंतु नोंदीतही आयुष्य जाते, फक्त त्याचा आवाज होत नाही.

काहींनी घरात बुद्धाची मूर्ती ठेवली आणि अर्जात 'हिंदू' लिहिले. त्यांना खोटे म्हणणारे लोक मी कचेरीत ऐकले आहेत, चांगले सुशिक्षित लोक. मला विचाराल तर मनुष्याला आपला धर्म आणि आपली भाकरी यांत निवड करावयास लावणारा रकानाच खोटा होता. त्यात लिहिणाऱ्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार त्या रकान्याच्या पहारेकऱ्यांना नाही. त्या चौतीस वर्षांत ज्या कुणी लहानशा अधिकाऱ्याने 'हा नियम दीक्षा घेतलेल्यांना त्यांच्या सामाजिक स्थितीत काहीही बदल झालेला नसता शिक्षा करतो' असे फाईलवर लिहिले असेल, त्याचे नाव कोणत्याही इतिहासात येणार नाही. पण तो राजी नव्हता. आणि ज्याने डोळे मिटून शेरा मारला, त्याला मी गुन्हेगार म्हणणार नाही. मात्र 'मी काय करणार, हुकूम होता' एवढ्यावर त्याला मोकळा सोडण्यासही मन घेत नाही.

बंगळूरचे विधानसौध त्याच १९५६ सालचे. त्याच्या दर्शनी भागावर कन्नडात आणि इंग्रजीत कोरले आहे की सरकारचे काम हे देवाचे काम. ज्यांच्या आग्रहाने ती इमारत उठली त्या केंगल हनुमंतय्यांना ती पुरी होण्याआधीच, ऑगस्टमध्ये, मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. त्या वाक्याची थट्टा करण्याची येथे रीत आहे. मी ती करीत नाही. पण देवाचे काम म्हटले की सेवकाने प्रश्न विचारू नये असा जो अर्थ त्यातून काढतात, तो मला मान्य नाही. आपल्या संतांनी देवाशी जेवढे भांडण केले तेवढे कोणी वरिष्ठाशी केले नसेल.

माझा एक सहकारी खानापूरकडचा आहे. त्याच्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर मुंबई राज्य, वडिलांच्या दाखल्यावर म्हैसूर, त्याच्या स्वतःच्या दाखल्यावर कर्नाटक. घर तेच, उंबरठा तोच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा, आणि त्याच्याबरोबर विजापूर, धारवाड व कारवार हे जिल्हे म्हैसुरात गेले. त्या कुटुंबाने काही सोडले नव्हते, काही स्वीकारलेही नव्हते. त्यांना कुणी विचारलेच नाही. राज्य पुनर्रचनेच्या कायद्यात मात्र आपल्यासारख्यांची आठवण ठेवलेली होती. त्याच्या ११५ व्या कलमाप्रमाणे बदललेल्या मुलखातील कर्मचारी नव्या राज्याकडे वर्ग झाले, आणि केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून त्यांच्या सेवेच्या अटी त्यांच्या तोट्याच्या होतील अशा बदलू नयेत असेही त्यात लिहिले होते. मुंबई राज्याचे, हैदराबादचे, जुन्या म्हैसूरचे कारकून एका कचेरीत आले. कोण कोणाच्या वर, यावर वर्षानुवर्षे दावे चालले. त्या ज्येष्ठतेच्या याद्यांच्या डोक्यावर 'तात्पुरती' असे छापलेले असे, आणि कित्येकांची सेवानिवृत्ती ती यादी कायम होण्याच्या आधी झाली. सहकाऱ्याचे आजोबा त्यांतलेच. त्यांनी एकदा, एकदाच, आपल्या क्रमांकाबद्दल लेखी हरकत घेतली होती. तिची कार्बन प्रत घरातल्या पत्र्याच्या पेटीत अजून आहे, इंग्रजीत टंकलेली, खाली मोडीत सही.